काढलेले बिघाड

करमाळ्याच्या एका सरकारी कचेरीतून निरोप आला, ‘मशीन चालतंय, पण उमटत नाही.’ सत्तर सालानंतरची गोष्ट आहे. सोलापुरात तेव्हा टाइपरायटर दुरुस्त करणारे आम्ही चार-दोन जण होतो आणि आसपासच्या तालुक्यांत कुणीच नव्हतं. मी हत्यारांची पिशवी खांद्याला लावली, सकाळची पॅसेंजर पकडून केमला उतरलो आणि तिथून एसटीने करमाळा गाठलं. कचेरीत सगळे माझीच वाट पाहत होते. भाऊसाहेबांनी, म्हणजे तिथल्या जुन्या कारकुनांनी, मशीनवरचं फडकं इतक्या हळू काढलं की आत पेशंटच झोपलाय असं वाटावं.

“बघा मिस्त्री,” ते म्हणाले, “कळ दाबली की काडी उठती, कागदावर आपटती बी. पण अक्षर न्हाय. फीत नवी घातली, तरी न्हाय. आठवडा झाला, सगळी कामं तुंबली की.”

मला जवळ जाताच दिसलं होतं. टाइपरायटरच्या अंगावर एक बोटभर खटका असतो. तो एका जागी ठेवला की काळं उमटतं, दुसऱ्या जागी लाल. तिसऱ्या जागी ठेवला की फीत बाजूला राहते आणि उघडी काडी कागदावर पडते. ही तिसरी जागा स्टेन्सिल कापायची. मेणकागदावर अक्षराचं भोक पडायला हवं, म्हणून तिथं शाई नको. कुणीतरी एखादं परिपत्रक स्टेन्सिलवर कापलं होतं आणि खटका तिथंच विसरला होता.

अंगठ्याने खटका सरकवला असता तर काम तिथंच संपलं असतं. पण मग साहेबांसमोर भाऊसाहेबांचं काय झालं असतं, आणि माझ्या एवढ्या लांब येण्याला तरी काय अर्थ राहिला असता? मी झाकण काढलं, ब्रश फिरवला, तेल घातलं, काही स्क्रू उगाच काढून परत पिळले आणि या गडबडीत खटका काळ्यावर आणून ठेवला. भाऊसाहेबांनी भीत भीत कळ दाबली. अक्षर उमटलं.

“कुटं अडकलं होतं हो?”

“आत,” मी म्हणालो. “लई आत.”

या धंद्यात निम्म्या तक्रारी अशाच असायच्या. गाडी पानाच्या मध्येच थांबते म्हणून एका वकिलांनी मशीन माझ्या दुकानात आणून आदळलं होतं. कागद सरकवतो त्या रुळासकट डावीकडे जाणारा जो भाग, त्याला आम्ही गाडी म्हणतो. बघतो तर समासाची खुंटी मध्यावर आणून ठेवलेली. कुणी ठेवली ते वकिलांना आठवत नव्हतं, आणि त्यांच्याशिवाय त्या मशीनला कुणी हात लावत नव्हतं. शिवाय आतून अडकित्त्याने कातरलेली बरीच सुपारी निघाली, ती वेगळी. आता माझी सून घरी कॉम्प्युटरवर काहीबाही लिहीत असते आणि मधेच कुरकुरते, “मी इकडं एक शब्द घालते, तर हे पुढचा खाऊन टाकतंय.” मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण सूर ओळखीचा वाटतो. कुठलातरी खटका हलला असणार.

मराठी मशीनचा ताप तर आणखी वेगळा. मुळात ही यंत्रं इंग्रजीसाठी जन्मली. कळा मोजक्या, आणि आपली अक्षरं, जोडाक्षरं, मात्रा, उकार किती तरी. मग तोड निघाली ती अशी, की बऱ्याच कळांवर अर्धंच अक्षर ठेवायचं आणि शेजारी काना मारून ते पुरं करायचं. ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, अक्षर मागून. काही कळा दाबल्या तरी गाडी जागची हलत नाही. इंग्रजीत हात बसलेली भली भली माणसं मराठी मशीनपुढे रडकुंडीला यायची. कचेऱ्यांत मराठी सक्तीचं झालं तेव्हा कितीतरी जणांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “मिस्त्री, हे जरा साधं करून मिळंल का?” मिळण्यासारखं नव्हतं. त्या तऱ्हा यंत्रातच होत्या, माणसाने आपला हात त्यांच्याकडे वळवायचा एवढाच उपाय होता. हात कसा वळतो आणि वळला की किती घट्ट बसतो, हे मला अनसूयाने दाखवलं.

नवी पेठेत हिरेमठ सरांची टायपिंगची शाळा होती. जिना चढून गेलं की पत्र्याखाली एक लांबट खोली आणि दोन्ही भिंतींना लावलेली मशीनं. सर अक्कलकोटकडचे. शिकवायचे मराठीत, रागवायचे कानडीत. तिथल्या सगळ्या मशीनांची देखभाल माझ्याकडे होती. कोपऱ्यात एक जुनं मशीन होतं, त्याला मुलं ‘म्हातारी’ म्हणायची. म्हातारीची घंटी मुकी होती. ओळ संपत आली की टाइपरायटरची घंटी वाजते आणि टायपिस्ट पुढच्या ओळीला वळतो, पण म्हातारी काही सांगायचीच नाही. उजव्या करंगळीची एक कळ इतकी जड की ठोसा मारल्याशिवाय उठत नसे. शब्दांमध्ये जागा सोडायची पट्टी जरा दाबली की दोन घरं उडी. आणि गाडी आळशी, ओळीच्या सुरुवातीला हाताने ढकलावी लागे. कुठलाही विद्यार्थी तिच्यापुढे बसायला तयार नसायचा.

अनसूयाला ती मिळाली, कारण ती दुपारच्या वेळेला यायची. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी कोण येणार? पण तिला तेवढीच सवड होती. तिचं घर शहराच्या पूर्व भागात, घरात तेलुगू बोलत. वडील मागावर विणकामाला होते, ते गेले. मग आई नरसव्वा आणि ही, दोघी दारात बसून विड्या वळायच्या. मुलगी मॅट्रिक झालेली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि तंबाखूने तिला असा खोकला लागायचा की बोलता बोलता धाप लागे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे काम सोड. सोडून खाणार काय, हे डॉक्टर सांगत नव्हते. विणकरांच्या एका सोसायटीच्या ऑफिसात टायपिस्ट हवी होती. चेअरमन ओळखीतले. ते म्हणाले, मराठी टायपिंगचं सर्टिफिकेट आण, जागा तुझी. पण पुढच्या परीक्षेपर्यंत थांबायला ते तयार नव्हते. म्हणजे याच वेळी पास व्हायचं, नाहीतर सूप होतंच.

विड्या वळून तिची बोटं अशी चपळ झाली होती की सर म्हणायचे, “ही पोरगी टाइप करत न्हाय, दाणे टाकती.” म्हातारीचे सगळे नखरे तिने अंगवळणी पाडून घेतले. घंटी नाही तर नाही, ओळ कुठं संपते ते तिचा डावा हात आपोआप ओळखायचा. जड कळेला करंगळीचा ठोसा. पट्टीला अंगठ्याची नुसती टिचकी. ओळ बदलली की गाडीला हलकासा धक्का. मी कधी दुपारी गेलो की हात थांबवून तिचं बघत बसायचो. एकही शब्द चुकत नसे.

टायपिंगच्या सरकारी परीक्षेची एक रीत बाहेरच्यांना ठाऊक नसते. तिथं मशीन आपलं आपण न्यायचं. परीक्षेच्या सकाळी गावातल्या सगळ्या टायपिंग शाळांच्या हातगाड्या एका हायस्कूलकडे निघायच्या. मशीनांना धक्का लागू नये म्हणून त्यांना जुन्या सोलापुरी चादरी गुंडाळलेल्या. बरोबर आम्ही मिस्त्री, पिशव्या घेऊन. जो ज्या मशीनवर शिकला, त्याने त्याच्यापुढे बसायचं. आदल्या दिवशी आम्ही प्रत्येक मशीन उघडून तपासायचो, कारण परीक्षेत मशीन अडलं तर शाळेचं नाव जायचं आणि आमचंही.

त्या वर्षी आदल्या दिवशी मी म्हातारीवर जीव ओतला. या पोरीला मशीन तरी धड मिळावं, एवढीच इच्छा. घंटीला नवी स्प्रिंग घातली. जड कळेची वाकलेली दांडी बदलली. गाडीला अडवत अडवत सोडणारी दातेरी चाकाची जीभ झिजली होती, ती नवी टाकली. गाडी ओढणारा पट्टा सुतावर आला होता, तोही बदलला आणि कमान, म्हणजे त्या पट्ट्याला ओढ देणारी गुंडाळीची स्प्रिंग, नीट भरली. सगळं करून हात फिरवला तर म्हातारी लोण्यासारखी चालायला लागली. काढलेले जुने भाग रीतीप्रमाणे फडक्यात बांधून मशीनखाली ठेवले. मालकाला जुना भाग दाखवल्याशिवाय नवा टाकला हे पटत नाही, म्हणून आम्ही सगळेच तसं करायचो.

परीक्षेच्या सकाळी अनसूया हात मोकळा करायला आली. मी दाराशी चादरी घडी करत होतो. मागून टाइपाचा आवाज सुरू झाला, थांबला, सुरू झाला, थांबला. मग खुर्ची सरकली.

“मामा,” ती म्हणाली, “माझं मशीन कुटं गेलं?”

“हे काय, समोर हाय की.”

“हे माझं न्हाय.”

मला हसू आलं. म्हटलं, “अगं, तेच हाय. नीट केलंय. बघ किती हलकं चालतंय.”

ती परत बसली. मी मागे जाऊन उभा राहिलो आणि पहिल्या दोन ओळींतच हसू मावळलं. करंगळीचा ठोसा बसला की हलक्या झालेल्या दोन काड्या एकमेकींत अडकायच्या. टिचकीने पट्टी हलायचीच नाही, शब्द एकमेकांना चिकटायचे. गाडीला सवयीचा धक्का दिला की ती सुसाट पुढे. आणि घंटी वाजली की पोरीचे हात हवेत थांबायचे, कारण ती घंटी तिने आयुष्यात ऐकलीच नव्हती. कागदावर नुसता कालवा झाला होता.

“जरा सवय होईल,” मी म्हणालो.

“कवा?” तिने शांतपणे विचारलं. “दुपारी परीक्षा हाय.”

तिला खोकल्याची उबळ आली. खोकत खोकत ती त्या कागदाकडेच बघत होती. मला आधी राग आला, खोटं कशाला बोलू. एवढं जीव लावून केलेलं काम, आणि कुणी म्हणावं की हे माझं नाही? पण तिच्या बोटांकडे बघितलं आणि राग टिकला नाही. ते हात चुकत नव्हते. ते म्हातारीवर बरोबरच चालले होते, म्हातारीच तिथं राहिली नव्हती.

मी जुन्या भागांचं फडकं सोडलं.

नीट काम कसं करायचं ते मला माझ्या उस्तादांनी शिकवलं होतं. नीट चाललेलं बिघडवायचं, आणि तेही हुबेहूब पूर्वीसारखं, हे कुणी शिकवलेलं नव्हतं. झिजकी जीभ परत बसवली. वाकडी दांडी परत घातली. घंटीची स्प्रिंग काढली. तेवढ्यात हिरेमठ सर जिना चढून आले.

“एनातु?” काय झालं, त्यांनी दारातूनच विचारलं. मी सांगितलं. ते कपाळाला हात लावून बाकावर बसले. “सिद्राम, ब्याड, ब्याड, नको असं करू. अरे, साऱ्या गावासमोर लंगडं मशीन न्यायचं? शाळेचं नाव जाईल.”

“सर,” अनसूया म्हणाली, “मी नापास झाले तर बी जातंय की.”

सर बाकावरून उठले. मग त्यांनी माझ्यासमोरून नवी स्प्रिंग उचलली आणि स्वतःच्या खिशात घातली.

आता उरला पट्टा. तो परत घालायला माझा हात धजेना. परीक्षेच्या मध्येच तुटला असता तर गाडी जागच्या जागी बसली असती आणि सगळंच संपलं असतं. नवा पट्टा तसाच ठेवला आणि कमान सैल करत गेलो. ती एक ओळ मारायची, धक्का द्यायची आणि मान हलवायची. “अजून, मामा.” मी आणखी सैल करायचो. “अजून थोडं.” शेवटी एका ओळीला ती काही बोललीच नाही, सरळ पुढच्या ओळीला गेली, मग त्याच्या पुढच्या. दाणे पडायला लागले. मी मागे सरकलो.

हायस्कूलच्या हॉलमध्ये मशीनं मांडून झाली. परीक्षक बाहेरगावचे, वयस्कर आणि मनाने फार चांगले होते. चांगुलपणाची मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती. सुरुवातीच्या सरावाच्या वेळी ते फिरत फिरत अनसूयापाशी आले, थांबले, वाकून ऐकू लागले. मग त्यांनी आम्हा मिस्त्र्यांना हाक मारली.

“या मशीनची घंटी वाजत नाही. पट्टीतही दोष दिसतो. या मुलीवर अन्याय होईल. राखीव मशीन द्या हिला.”

राखीव मशीन दुसऱ्या एका टायपिंग शाळेचं होतं, कोरं करकरीत. अनसूयाने माझ्याकडे बघितलं. तिचे हात मांडीवर होते आणि बोटं एकमेकांत रुतली होती.

“साहेब,” मी म्हणालो, “हे मशीन मी तपासलंय. ठीक आहे.”

शेजारी इस्माईलभाई उभे होते. आमच्या धंद्यातले सगळ्यांत जुने, आणि माझे पक्के प्रतिस्पर्धी. ते पुटपुटले, “क्या ठीक है रे? घंटी तक नै बजती.”

बाकीचे मिस्त्री हसले. परीक्षक माझ्याकडे रोखून बघत होते. “तुम्ही मिस्त्री आहात ना? मग हे मशीन परीक्षेला योग्य आहे, असं तुम्ही म्हणता?”

“हो साहेब. योग्य आहे.”

“आणि तुझं काय म्हणणं आहे?” त्यांनी अनसूयाला विचारलं.

“मला हेच पायजे, सर.”

त्यांनी खांदे उडवले आणि पुढे गेले. माझे कान तापले होते. इतकी वर्षं या गावात मान वर करून काम केलं, आणि सगळ्यांसमोर लंगड्या मशीनला चांगलं म्हणून आलो.

आम्हाला बाहेर काढलं आणि शिट्टी झाली. आत एकदम पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज सुटला. मी खिडकीखाली उभा होतो. सगळीकडून घंट्या वाजत होत्या, इथून टिंग, तिथून टिंग, आणि त्यातलं एक मशीन मुकं होतं. म्हणजे तिचं काय चाललंय हे मला कळायची काही सोयच नव्हती. पट्टा धरेल ना, कमान फारच सैल झाली नाही ना, जीभ अडकणार तर नाही? मधे खिडकीजवळचं एक मशीन बंद पडलं आणि मी पिशवी उचलली. ते दुसऱ्याचं होतं. इस्माईलभाई पिशवी घेऊन आत धावले आणि दुसऱ्याचं मशीन अडलं म्हणून मी देवाचे आभार मानले.

शेवटची शिट्टी झाल्यावर अनसूया बाहेर आली. मी विचारायच्या आधी तिनेच सांगितलं, “शेवटपतूर झालं, मामा. गाडी कुटं बी अडली न्हाय.” तेव्हा कुठं माझा जीव अर्धा भांड्यात पडला.

चहाच्या गाड्यावर इस्माईलभाई माझ्या शेजारी येऊन बसले. बशीत चहा ओतून त्यांनी फुंकर मारली. “छोकरी का हात उसीपे बैठेला है, है ना?”

मी मान हलवली.

“मेरेकू अंदर जाने के बाद समझ में आया. देख्या मैं उसकू टाइप करते.” त्यांनी बशी संपवली. “पन तेरा नाम तो आज गया, सिद्राम.”

नाव गेलंच. सिद्राम मिस्त्रीने परीक्षेला मोडकं मशीन पाठवलं, हे आठवड्यात गावभर झालं. एका टायपिंग शाळेने त्या वर्षी माझ्याकडचं काम काढून घेतलं आणि ते पुन्हा कधी आलं नाही. त्याचं वाईट वाटलं, आजही वाटतं. खरं काय झालं ते मी लोकांना सांगत बसलो नाही. मुद्दाम बिघडवून दिलं म्हणून सांगितलं असतं तर आणखीच पंचाईत झाली असती.

निकाल लागेपर्यंतचे दिवस मोठे कठीण गेले. पूर्व भागात एका ऑफिसचं काम होतं, त्यामुळे जाता-येता अनसूयाची गल्ली लागायची. मागांच्या खडखडाटातूनही तिचा खोकला ऐकू यायचा. ती दारात बसलेली असायची, मांडीवर सूप, बोटं चाललेली. मला बघून मान हलवायची. मीही मान हलवून सायकल पुढे काढायचो.

मग एका सकाळी हिरेमठ सरांनी दुकानात माणूस पाठवला. निकाल आला होता आणि सर म्हणत होते, तूच जाऊन सांग. गिरणीचा भोंगा वाजत होता तेव्हा मी साखर पेठेतून सायकल अशी हाणली की दोनदा कुणाच्या तरी अंगावर जाता जाता वाचलो. मायलेकी दारातच होत्या. समोरासमोर बसलेल्या, दोघींच्या मांडीवर दोन सुपं.

“पास,” मी म्हणालो. धाप लागल्यामुळे दुसरा शब्दच निघेना.

अनसूयाने वर बघितलं. हातातली विडी अर्धी वळली होती. ती तिने नीट पुरी केली, दोरा गुंडाळला, बाजूला ठेवली. मग सवयीने तिचा हात पुढच्या पानाकडे गेला. नरसव्वाने तो हात धरला. दुसऱ्या हाताने लेकीच्या मांडीवरचं सूप ओढून घेतलं आणि त्यातली सगळी तंबाखू आपल्या सुपात ओतली.

“ले,” ती म्हणाली. “चेतुलु कडुक्को.”

ऊठ, हात धुऊन ये. एवढं तेलुगू मलाही समजत होतं.